जागल आणि पहारा

दूरसंचार परवान्यांचा लिलाव निघाला की आपल्या वर्तमानपत्रांत 'ध्वनिलहरी' हा शब्द हटकून येतो. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जीचे १२२ परवाने रद्द केले, त्या सुमारास तर तो रोज वाचायला मिळायचा. शब्द कानाला गोड आहे आणि साफ चुकीचा आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ज्यांचा लिलाव होतो त्या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, त्यांना हवा लागत नाही आणि त्या कुणाच्या कानाला ऐकूही येत नाहीत. काही ठिकाणी 'तरंगलहरी' असंही छापतात. तरंग म्हणजेच लहर. तेव्हा हा प्रकार पिवळ्या पीतांबराच्या जातीचा.

मूळ शब्द 'स्पेक्ट्रम'. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्याला न्यूटनने सतराव्या शतकात हे लॅटिन नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दिसलेलं रूप, आभास, अगदी भूतसुद्धा. त्यामागचा धातू पाहण्याचा आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातल्या 'पश्यति'चा आणि 'स्पश' या शब्दाचा तोच धातू. स्पश म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाचे स्पश माणसांवर नजर ठेवून असतात. न्यूटनच्या पट्ट्याला 'वर्णपट' हा मराठी शब्द चपखल बसला, पण रेडिओलहरींना वर्ण कुठला? म्हणून मी स्पेक्ट्रमला स्पेक्ट्रमच म्हणतो. त्या शब्दात एक हेर दडलेला आहे, हे मात्र पुढे उपयोगी पडणार आहे.

कारण आज ज्या शब्दांमागे लागायचं आहे ते सगळे टेहळणीचे आहेत. विषय असा: अनेक छोटी बिनतारी यंत्रं मिळून एखादी लहर मोकळी आहे की कुणाच्या वापरात आहे, याचा अंदाज घेतात. अंदाज पक्का हवा असेल तर जास्त वेळ ऐकावं लागतं, जास्त जणांनी ऐकावं लागतं, एकमेकांना कळवावं लागतं. आणि या प्रत्येक गोष्टीला बॅटरी लागते. किती खात्री पुरे आणि किती बॅटरी खर्चायची, यावर गेली पंचवीसेक वर्षं जगभरचे अभियंते समीकरणं मांडत आहेत. त्यांची परिभाषा इंग्रजी आहे, आणि आपल्याकडे ती भाषांतरित झाली की 'सहकारी स्पेक्ट्रम संवेदनातील विश्वासार्हता व ऊर्जा-व्यय' असं काहीतरी जडशीळ होतं. मला राहून राहून वाटतं, की हा पेच मराठीच्या जुन्या शब्दांत आधीच मांडून ठेवलेला आहे.

आधी पेच का पडला ते. स्पेक्ट्रमचे पट्टे सरकार परवान्याने वाटतं, पण परवानेदार सगळीकडे आणि सदासर्वदा ते वापरतोच असं नाही. आपल्याकडचं ठळक उदाहरण दूरदर्शनचं. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनल मावतात. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करणारं दूरदर्शन एकटंच होतं, त्यामुळे देशात जवळपास कुठेही गेलं तरी त्या १५ पैकी किमान १२ चॅनल मोकळे होते, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी हिशेब करून दाखवलं. तिथल्याच अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या खामलोली भागात याच मोकळ्या चॅनलवरून गावांना इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग केला. टीव्हीच्या या लहरी झाडाझुडपांतून बऱ्यापैकी पार जातात, लांब जातात. तिकडच्या डोंगराळ, झाडीच्या मुलखाला त्या सोयीच्या.

इंग्रजीत मूळ परवानेदाराला 'प्रायमरी यूजर' आणि मोकळी जागा पाहून शिरणाऱ्याला 'सेकंडरी यूजर' म्हणतात. प्राथमिक आणि दुय्यम वापरकर्ता असं भाषांतर करणारे करतात. पण पेशवाईतल्या कुठल्याही कुलकर्ण्याला विचारलं असतं तर त्याने क्षणात सांगितलं असतं: पहिला मिरासदार, दुसरा उपरी. मिरास हा अरबी शब्द, 'वारस' आणि 'वारसा' यांच्याच धातूतला. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. उपरी बाहेरून आलेला, ठरलेला सारा देऊन पडीक रान कसणारा, उद्या ऊठ म्हटलं तर उठणारा. 'उपरि' म्हणजे वर. गावाच्या घडीत न बसलेला, वरून येऊन पडलेला. जमिनीच्या उपऱ्यांच्या मागे पुढे १९४८ चा कूळकायदा उभा राहिला. रेडिओच्या उपऱ्याला असं कोणतंही संरक्षण नाही. मिरासदार बोलू लागला की याने तत्काळ रान सोडायचं.

हे जमायला उपरी शहाणा हवा. जोसेफ मिटोला यांनी स्वीडनमधल्या केटीएच या विद्यापीठात असताना १९९९ च्या सुमारास अशा रेडिओला 'कॉग्निटिव्ह' हे विशेषण लावलं. लॅटिन 'कोग्नोस्केरे', त्यातला 'ग्नो' म्हणजे संस्कृतातला 'ज्ञा', इंग्रजीतला 'नो' आणि मराठीतलं 'जाणणं'. परिभाषा करणारे 'संज्ञानात्मक रेडिओ' म्हणतील. जाणता रेडिओ म्हणायला काय हरकत आहे? 'जाणता' या शब्दाभोवती महाराष्ट्रात राजकारणाची बरीच धूळ बसली आहे, हे कबूल. पण धूळ झटकता येते.

आता ऐकण्याकडे. मराठीत याला दोन सुंदर शब्द आहेत आणि त्यांची क्रियापदं वेगळी आहेत. कानोसा घेतात. चाहूल लागते. कानोसा ही आपली कृती आहे, कान टवकारून, श्वास रोखून केलेली. चाहूल आपल्याकडे येते, आपण मागितली नसली तरी. रेडिओ कानोसा घेतो आणि त्याला चाहूल लागते किंवा लागत नाही. चुकण्याचे प्रकार दोन. कुणी नसताना चाहूल लागली, तर मोकळं रान उगाच वाया गेलं. कुणी असताना लागली नाही, तर उपरी मिरासदाराच्या उभ्या पिकात शिरला. पहिल्यात नुकसान आपलं, दुसऱ्यात त्याचं. या दोन चुका तराजूच्या पारड्यांसारख्या आहेत. कान जरा अधिक तिखट केला की हुकलेल्या चाहुली कमी होतात आणि खोट्या वाढतात. दोन्ही एकदम कमी करायच्या तर एकट्याच्या हातात उपाय एकच, जास्त वेळ ऐकणं.

किती बारीक आवाज ऐकायचा? आयईईई या संस्थेने २०११ मध्ये ८०२.२२ नावाचं मानक काढलं, टीव्हीच्या मोकळ्या चॅनलवरून खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्यासाठी. त्यात डिजिटल टीव्हीचा संकेत उणे ११६ डीबीएम इतका क्षीण असला तरी ओळखता आला पाहिजे अशी अट आहे. एका वॅटचे चार कोटी कोटी भाग केले तर त्यातला साधारण एक भाग. तो दोन सेकंदांच्या आत, शंभरात किमान ९० वेळा ओळखायचा आणि खोटी चाहूल शंभरात १० च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी जाळ्यातल्या सगळ्या उपऱ्यांनी ठरल्या वेळी एकदम गप्प बसायचं असतं, म्हणजे आपल्याच बडबडीत मिरासदाराचा आवाज बुडू नये. मानकात याला शांततेचा कालखंड म्हटलं आहे. मौनाचा 'मुनी'शी संबंध आहे हे सगळ्यांना माहीत असतं. इथलं मौन मात्र मुनीचं नव्हे, शिकाऱ्याचं आहे.

ऐकण्याची सर्वांत साधी पद्धत हॅरी उर्कोविट्झ यांनी १९६७ मध्ये गणितात मांडली. संकेत कसा आहे याची काहीच माहिती नसेल तर त्या पट्ट्यात ठरावीक वेळात एकूण ऊर्जा किती आली ती मोजायची. उंबरठ्याच्या वर गेली तर कुणीतरी आहे. पद्धत गरिबाची आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. पण तिचा एक नियम निर्दय आहे. क्षीण संकेत दहापट आणखी क्षीण झाला, तर तितक्याच खात्रीसाठी शंभरपट वेळ ऐकावं लागतं. त्यातही एक भिंत आहे. राहुल टंड्रा आणि अनंत सहाय यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की आसपासच्या गोंगाटाची पातळी आपल्याला नेमकी माहीत नसेल, आणि ती कधीच नेमकी माहीत नसते, तर एका मर्यादेखालचा संकेत जन्मभर ऐकत बसलं तरी ओळखता येत नाही.

म्हणजे मोजायची ती ऊर्जा आणि मोजण्यासाठी खर्चायची तीही ऊर्जा. इंग्रजी 'एनर्जी'चं मूळ ग्रीक 'एनर्गेइया', ॲरिस्टॉटलचा शब्द. कामात असणं हा त्याचा अर्थ. थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये तो भौतिकीत आणला. आपला 'ऊर्जा' शब्द याच्या अगदी उलट टोकाकडून येतो. वेदातला 'ऊर्ज्' म्हणजे बळ, पण ते बळ अन्नरसातलं, पोसणारं. वैदिक महिन्यांच्या नावांत शरदाचे दोन महिने इष आणि ऊर्ज, म्हणजे आपले आश्विन आणि कार्तिक. शेतं भरलेली असतात ते दिवस. ग्रीकाने काम पाहिलं, आपल्या पूर्वजांनी काम करायला लागणारं पोषण पाहिलं. डोंगरावर टांगलेल्या, दोन सेलवर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मला आपलाच शब्द अधिक खरा वाटतो. त्याच्याजवळ एक शिदोरी आहे आणि ती संपत जाते आहे, एवढंच त्याच्यापुरतं ऊर्जाशास्त्र.

एकट्याने कितीही कानोसा घेतला तरी आडोशाला इलाज नाही. (कानोसा, आडोसा, भरवसा, मराठीने हे शब्द जणू यमक जुळवून ठेवले आहेत.) यंत्र टेकडीच्या आड असेल तर मिरासदाराचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही; त्याला रान मोकळं वाटतं, तो बोलू लागतो आणि टेकडीच्या पलीकडच्या घरातला टीव्ही खराब होतो. उपाय उघड आहे. टेकडीच्या अलीकडच्याने पलीकडच्याला विचारायचं. इथून 'कोऑपरेटिव्ह' हे विशेषण लागतं आणि इथूनच मराठीला अंगणातला शब्द सापडतो: सहकार.

या शब्दाचा प्रवास मजेचा आहे. संस्कृत काव्यात 'सहकार' भेटला तर तो बहुधा आंबा असतो. अमरकोशात अतिसुगंधी आंब्याला हे नाव आहे आणि कालिदासाच्या शाकुंतलात नवमालिकेची वेल सहकाराला बिलगलेली आहे. बरोबरीने काम करणं हा अर्थही संस्कृतात होताच, पण आंब्याचं तेज मोठं होतं. १९०४ मध्ये सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, पुढे १९५० मध्ये प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, आणि महाराष्ट्रात सहकार म्हटलं की आंबा आठवणारा माणूस उरला नाही. साखरेने आंब्याला हरवलं.

सहकाराचं मूलतत्त्व, प्रत्येक सभासदाला एक मत, रेडिओंनीही उचललं आहे. प्रत्येक यंत्र मध्यवर्ती केंद्राला फक्त एक बिट पाठवतं: आहे किंवा नाही. केंद्राने ठरवायचं, काय धरायचं. समजा प्रत्येक यंत्र मिरासदाराला शंभरात ६० वेळा ओळखतं आणि १० वेळा त्याला खोटी चाहूल लागते. अशी तीन यंत्रं वेगवेगळ्या आडोशांत असली आणि एकाने जरी 'आहे' म्हटलं तर 'आहे' धरलं, तर ओळखण्याचं प्रमाण ६० वरून जवळजवळ ९४ वर जातं. मिरासदार खूश. पण खोट्या चाहुली १० वरून २७ वर जातात. तिघांचंही एकमत हवं म्हटलं तर खोटी चाहूल हजारात एक, पण ओळख शंभरात २२ वर घसरते. बहुमत घेतलं तर ओळख ६५ आणि खोटी चाहूल ३ च्याही खाली. आता यंत्रं तिनाची पाच करा आणि 'एकाने म्हटलं तरी आहे' हा नियम ठेवा. ओळख ९९, खोटी चाहूल ४१. ओळखण्यात शेवटच्या दोघांनी मिळून पाचच गुणांची भर घातली, ऐकण्याचा आणि कळवण्याचा खर्च मात्र त्यांनी पुरेपूर घेतला. सभासद वाढवत नेण्यातला फोलपणा सहकारी क्षेत्राला नवा नाही. दोन यंत्रं एकाच टेकडीच्या आड असतील तर दुसऱ्याचं मत ही नुसती री ओढणं असतं, आणि केंद्राला ते कळतही नाही.

एक मताऐवजी मोजलेला आकडाच पाठवायला सांगितला तर निर्णय अधिक चांगला होतो. पण आकड्याला बिट जास्त, बिटांना बॅटरी जास्त. यातला मधला मार्ग झेड. चेअर आणि प्रमोद वार्ष्णेय यांनी १९८६ मध्येच दाखवला होता, तेव्हा जाणता रेडिओ जन्मलाही नव्हता. मत एकेकच घ्या, पण ज्याचा कान विश्वासाचा त्याच्या मताला वजन जास्त द्या. एक सभासद एक मत गेलं, पाटलाच्या शब्दाला मान आला.

या सगळ्या गोळाबेरजेला मराठीत नेमका शब्द आहे आणि तो परिभाषा कोशात कुणी घालत नाही: खातरजमा. 'खातिर' अरबी, अर्थ मन, चित्त. त्यातूनच आपली 'खात्री' आली आणि पाहुण्याची 'खातिरदारी'ही. 'जमा' म्हणजे गोळा झालेलं. फारसीत 'खातिरजमा' म्हणजे विखुरलेलं मन गोळा झाल्याची, निर्धास्त झाल्याची अवस्था. मराठीत येता येता तो शब्द अवस्थेवरून क्रियेवर आला. आपण खातरजमा 'करतो', चार ठिकाणी चौकशी करतो. विखुरलेल्या यंत्रांची मतं गोळा करून खात्री करून घेणं याला याहून चांगलं नाव मला सुचत नाही. 'विश्वासार्हता' हा यंत्राचा गुण झाला; खातरजमा करावी लागते आणि तिला मोल पडतं.

'संवेदन' या परिभाषेतल्या शब्दावरही मी अन्याय करू नये. मराठीत संवेदनशील म्हटलं की हळव्या माणसाची आठवण येते, म्हणून सेन्सरला संवेदक म्हणताना थोडं हसू येतं. पण सम् आणि विद् यांच्या संयोगातून संस्कृतात आणखी एक शब्द निघाला होता. 'संविद्' म्हणजे जाणीव, आणि संविद् म्हणजेच आपसातला करार. मनूने व्यवहाराची जी अठरा पदं मोजली त्यांत एक संविद्-व्यतिक्रम आहे: गावाने, संघाने ठरवलेला करार मोडणं. म्हणजे मिळून जाणणं आणि मिळून ठरवणं या दोन गोष्टी त्या एका शब्दात एकत्र नांदत होत्या. सहकारी रेडिओंच्या जाळ्यात खोटं मत देणारं यंत्र घुसलं तर काय करायचं, यावर आज ढीगभर संशोधन होतं. त्या अपराधाला संविद्-व्यतिक्रम म्हणायला मनूचीही हरकत नसावी.

खर्चाचा हिशेब आता जवळून पाहू. सीसी२४२० नावाची एक रेडिओ चिप संवेदकांच्या जाळ्यांत फार वापरली गेली. तिचा तपशील सांगतो: बोलताना, म्हणजे एक मिलिवॅट शक्तीने संकेत पाठवताना, ती १७.४ मिलिॲम्पियर प्रवाह घेते. ऐकताना १८.८. ऐकणं बोलण्यापेक्षा महाग! संकेत पाठवणं ही दमाची गोष्ट आणि ऐकणं फुकटचं, ही आपली समजूत इथे उलटी पडते. ऐकताना क्षीण संकेत वाढवून घेणारे, त्यातला गोंगाट गाळणारे सगळे भाग चालू ठेवावे लागतात, मग हवेत काही असो वा नसो. साध्या दोन पेन्सिल सेलवर ही चिप अखंड ऐकत ठेवली तर पाच-सहा दिवसांत सेल बसतात. शंभरातला एकच क्षण जागं राहून बाकी वेळ झोपली, तर तेच सेल कागदावर दीड वर्ष पुरतात.

इथे 'जागल' आणि 'पहारा' हे दोन शब्द समोरासमोर येतात.

जागल हा जागण्याचा शब्द. धातू 'जागृ', जागर, जागरण, कोजागरी सगळे त्यातलेच. कोजागरीला लक्ष्मी 'को जागर्ति' असं विचारत फिरते, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येकाला हजेरी मागते. ग्रीकमध्ये याच धातूपासून जागं असण्याचं क्रियापद झालं आणि त्यातून ग्रेगरी हे नाव. तेव्हा जगातला प्रत्येक ग्रेगरी मुळात जागल्या आहे. आजकाल संस्थेतला गैरकारभार उघड करणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रं जागल्या म्हणतात, तो उपयोग मला फार आवडतो. विदर्भात रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी अजून जागलीला जातात. अंधाऱ्या रात्री, मचाणावर, हातात बॅटरी. शेजारच्या शेतातल्याला अधूनमधून हाळी द्यायची, त्याची हाळी आली की तो जागा आहे हे कळतं. रोज रात्रभर एकट्याने जागल करणारा माणूस आठवड्यात आजारी पडतो, म्हणून पाळ्या लावतात.

पहारा हा पाळीचा शब्द. त्याचा जागण्याशी मुळात काही संबंध नाही. 'प्रहर' म्हणजे दिवसरात्रीचा आठवा हिस्सा, तीन तास. प्रहर म्हणजे खरं तर टोला, 'प्रहार'मधलाच; वेळ संपली की घंटेवर पडायचा तो. एका टोल्यापासून दुसऱ्या टोल्यापर्यंत जो उभा राहतो तो पहारेकरी. राखणीचा हा शब्द घड्याळातून आला. इंग्रजीत नेमका उलटा प्रवास झाला: 'वॉच' हा 'वेक'च्या, म्हणजे जागण्याच्याच कुळातला, आधी राखण, मग जहाजावरची पाळी, आणि शेवटी मनगटावरचं घड्याळ. ते जागलीकडून वेळेकडे गेले, आपण वेळेकडून राखणीकडे आलो. (जागलीला नेतात त्या बॅटरीचंही मूळ मारण्यातच आहे. फ्रेंच 'बात्र' म्हणजे मारणं. त्यावरून तोफांची रांग, आणि अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या बरण्यांच्या रांगेला तेच नाव दिलं.)

खात्री जागल मागते आणि बॅटरी पहारा मागते. अभियंत्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत केलेलं बरंचसं काम जागलीचं पहाऱ्यात रूपांतर करण्याचं आहे. काहींनी झोपेचं वेळापत्रक आखलं: आत्ता कुणाकुणाचे कान उपयोगाचे आहेत ते पाहून तेवढेच जागे ठेवायचे. काहींनी हाळीवर बंधन घातलं. मोजलेली ऊर्जा उंबरठ्याच्या अगदी जवळ असेल, म्हणजे आपल्यालाच खात्री नसेल, तर गप्प बसायचं. स्पष्ट 'आहे' किंवा स्पष्ट 'नाही' असेल तरच कळवायचं. कळवण्याचा खर्च यात बराच वाचतो आणि निर्णयात फारसा फरक पडत नाही, कारण कुंपणावर बसलेल्याचं मत असंही कमी वजनाचं. २००० मध्ये एमआयटीत वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 'लीच' नावाची पद्धत मांडली. गटातली यंत्रं जवळच्या मुखियाला कळवतात, मुखिया सगळ्यांचं एकत्र करून लांबच्या केंद्राला पाठवतो. लांब पाठवणं सर्वांत महाग, म्हणून मुखियाची बॅटरी आधी संपणार. त्यावर त्यांचा तोडगा असा की मुखियापणच पाळीपाळीने फिरवायचं. सहकारी क्षेत्राने हे वाचायला हवं होतं, पण तो विषय वेगळा.

पहाऱ्याची एक मर्यादा मात्र जाता जाता सांगायला हवी. झोपेत असताना मिरासदार आला तर कळत नाही. म्हणून त्या दोन सेकंदांच्या अटीला फार महत्त्व आहे. झोप किती लांबवायची हे बॅटरी ठरवत नाही, मिरासदाराला किती वेळ त्रास सोसायला लावणं चालेल यावर ते ठरतं. टीव्हीच्या मनोऱ्यासाठी दोन सेकंद ठीक आहेत, कारण मनोरा एकदा चालू झाला की तासन्‌तास चालू राहतो; एखाद्या रडारसाठी ती मुदत कुणी मान्य करणार नाही.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने या सगळ्या गोंधळातून आपल्यापुरती वेगळीच वाट काढली. २००८ मध्ये त्यांनी मोकळे टीव्ही चॅनल वापरायला परवानगी दिली तेव्हा कानोसा सक्तीचा होता. २०१० मध्ये ती सक्ती काढली आणि सांगितलं, की यंत्राने आपण कुठे आहोत ते ओळखावं, मध्यवर्ती नोंदवहीला विचारावं आणि तिथे मोकळे दाखवलेले चॅनल वापरावेत. उपऱ्याने रानात कान लावण्याऐवजी चावडीवर जाऊन सातबारा पाहावा, तसं. चावडी हा शब्द आपल्याला द्राविडी भाषांकडून मिळाला, कन्नड-तेलुगूत तो अजून आहे. मनोरे कुठे आहेत हे चावडीला माहीत असतं आणि मनोरे हलत नाहीत, त्यामुळे टीव्हीपुरतं हे उत्तम चाललं.

अडचण आली ती नाट्यगृहांची. नटांच्या कॉलरला लावलेले बिनतारी माइक याच चॅनलवर चालायचे, आणि त्यांची नोंद सहसा कुठेच नसायची. ब्रॉडवेवाले खवळले, गायिका डॉली पार्टन यांनी २००८ मध्ये एफसीसीला पत्र लिहिलं. ८०२.२२ च्या मानकातही अशा माइकसाठी वेगळा आकडा आहे, उणे १०७ डीबीएम. तिथे कानोसा घ्यायलाच लागतो. गंमत अशी, की हे माइकवालेही त्या चॅनलचे मिरासदार नव्हते. तेही मिरासदाराच्या रिकाम्या जागेतच वसलेले होते, बरेचसे तर परवान्याशिवाय. आधीपासून बसले होते इतकंच. जुन्या उपऱ्याने नव्या उपऱ्याविरुद्ध हक्काने तक्रार केली, आणि एफसीसीने ती ऐकली. माइकसाठी काही चॅनल राखून ठेवले.